छापलेला लेख रेडिओवर का वाचत नाही?

अर्थसंकल्पावर किंवा निवडणुकीच्या निकालावर वर्तमानपत्रात लिहून झालेले असताना रेडिओसाठी पुन्हा वेगळे कशाला लिहिता, असे मला वरचेवर विचारले जाते. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो. मत दोन्हीकडे एकच असते. पण वाचकाला मागच्या ओळीवर परत जाता येते, श्रोत्याला ती सवलत नसते, आणि माझी सगळी फेरमांडणी या एका अडचणीपायी होते.

लेखात मी ‘करवाढ अटळ आहे, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले’ असे बिनदिक्कत लिहितो. हेच वाक्य रेडिओवर वाचले, तर पहिले तीन शब्द कानावर पडताच श्रोता ते माझे मत समजून चालतो, कारण अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत. म्हणून तिथे अर्थमंत्री आधी येतात आणि करवाढ नंतर. 47.3 टक्क्यांचे ‘निम्म्याहून थोडे कमी’ होते. कंसातला मजकूर सरळ उडवावा लागतो, आणि खरे सांगायचे तर त्यातला बराचसा छापण्याच्याही लायकीचा नसतो.

अमेरिकेत बँका बंद असताना राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 12 मार्च 1933 रोजी रेडिओवरून केलेले भाषण मी या कामी पुन्हा पुन्हा चाळतो. तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत रचून ठेवत नाही, तो रोख्यांत आणि कर्जांत गुंतवते, इतक्या मुळापासून त्यांनी विषय उलगडला. दुसऱ्या दिवसापासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. अर्थात त्यांना स्वतःच्याच निर्णयाची बाजू मांडायची होती. भाष्यकाराला ती मुभा नाही, आणि नसावीही.

आणखी एक फरक ‘मी’चा आहे. लेखात तो वारंवार आला की आत्मप्रौढी वाटते, रेडिओवर तो अजिबात आला नाही की भाष्याचे सरकारी निवेदन होते. बीबीसीवर 1946 पासून 2004 पर्यंत अमेरिकेतील घडामोडींवर बोलणारे अ‍ॅलिस्टर कुक आपले भाष्य पत्राच्या रूपात मांडत, त्यामुळे त्यांना हा ‘मी’ सहज पेलला.

शिवाय ध्वनिमुद्रण दुपारी आणि प्रसारण रात्री असले, तर मधल्या वेळात एखादा मंत्री राजीनामा देऊन मोकळा होतो. म्हणून रेडिओच्या संहितेत ‘आज दुपारपर्यंत’ हे शब्द मी आवर्जून घालतो. लेखात ते लागत नाहीत, कारण तिथे तारीख पानावरच छापलेली असते.