टचस्क्रीन टेबलाजवळचे सहा आठवडे

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील लघुप्रबंधासाठी मी पुण्यातील एका सार्वजनिक वाचनालयात नव्याने बसवलेले टचस्क्रीन टेबल निवडले, तेव्हा काम सोपे जाईल अशी माझी समजूत होती. आडव्या ठेवलेल्या त्या मोठ्या पडद्यावर शहराचे जुने नकाशे आणि छायाचित्रे पाहता येत, आणि कोणी केव्हा, कुठे बोट ठेवले याची नोंद यंत्र स्वतःच ठेवत असे. ती नोंद उतरवून घ्यायची आणि तक्ते करायचे, एवढाच माझा बेत होता.

पहिल्याच आठवड्याची नोंद पाहून मी चक्रावले. दुपारी दीड ते तीन या वेळेत वाचनालय जवळजवळ रिकामे असते. पण टेबलाचा सर्वाधिक वापर नेमका तेव्हाच दिसत होता. एका दुपारी स्वतः जाऊन बसले तेव्हा उलगडा झाला. पंख्याखालची ती सर्वांत सोयीची जागा असल्याने एक आजोबा टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवांत वाचत होते. अशा टेबलात काठाच्या चौकटीतून काचेलगत इन्फ्रारेड किरण जातात आणि ते जिथे अडतील तिथे यंत्र स्पर्श झाला असे समजते. बोट, बाही आणि वर्तमानपत्र यांतला फरक त्याला कळत नाही.

त्यानंतर मार्गदर्शक मॅडमच्या सल्ल्याने मी निरीक्षणाचा कागदी तक्ता तयार केला. टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण उभे आहे, कोण हात लावते, कोण नुसते पाहते आणि किती वेळ, एवढेच त्यात लिहायचे होते. नावे किंवा छायाचित्रे घ्यायची नाहीत असे ठरले, आणि अभ्यास चालू असल्याची सूचना दारावर लावली. सुरुवातीच्या तीन दिवसांच्या नोंदी मात्र मला बाजूला ठेवाव्या लागल्या, कारण वही घेऊन बसलेल्या मला पाहून लोक परीक्षेला बसल्यासारखे वागत होते, एका गृहस्थांनी तर, "मॅडम, तपासणी आहे का?" असे विचारून काढता पाय घेतला. कोणी आपले निरीक्षण करत आहे हे कळले की माणसे वेगळी वागतात, हा हॉथॉर्न परिणाम मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, पण तो आपल्याच वहीमुळे घडतो हे तेव्हा कळले. मग मी संदर्भ विभागातल्या एका खुर्चीवर, पुस्तकांच्या आडोशाला बसू लागले.

मुले थेट हात लावत, मोठी माणसे आधी "हात लावला तर चालेल का?" असे विचारत. काचेच्या कपाटांवर वर्षानुवर्षे "हात लावू नये" असे लिहिणाऱ्या संस्थांनी लोकांकडून वेगळी अपेक्षा करू नये, असे मला वाटते. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्यांना मजकूर उलटा दिसे, तरी ते तसाच मान वाकडी करून वाचत. नकाशा फिरवता येतो हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

चौथ्या आठवड्यात चार ज्येष्ठ वाचक जुन्या नकाशाभोवती जमले. एकाने नदीकाठ मोठा करून पाहिला आणि विषय १२ जुलै १९६१ वर गेला. पानशेत धरण फुटले, मग खडकवासलाही टिकले नाही, लकडी पूल पाण्याखाली गेला, आपण कोणत्या वाड्याच्या माडीवर होतो, हे सारे ते बोट काचेच्या वर अधांतरी फिरवत एकमेकांना सांगत होते. यंत्राच्या दृष्टीने टेबल रिकामे होते, म्हणून ठरलेल्या वेळेनंतर नकाशा नाहीसा होऊन स्वागताचा पडदा आला. त्यांनी तो पुन्हा उघडला नाही. रिकाम्या पडद्यावरच शनिवार पेठ दाखवत ते बोलत राहिले.

पडदा मूळ स्थितीत परतण्याचा अवधी वाढवावा, अशी शिफारस मी केली आणि ग्रंथपालांनी ती लगेच मान्य केली. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी त्या दिवसाच्या ओळीवर पेन्सिल टेकवून, "स्पर्श थोडेच आणि कालावधी चाळीस मिनिटे, ही टंकलेखनाची चूक आहे का?" असे विचारले, आणि पुढचा सगळा वेळ आम्ही त्या एका ओळीबद्दल बोललो.