तब्येतीचं तेवढं विचारून घ्या

वाल्ह्याच्या तळावर माझ्या धाकट्या जावेने माझा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. तळपायाला रुपयाएवढा फोड आला होता. तिने सुईत दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक तापवलं आणि सुई फोडातून आरपार काढली. दोरा मात्र आतच ठेवला, दोन्ही टोकं बाहेर. असं केलं की पाणी हळूहळू झिरपत राहतं आणि कातडी निघत नाही. मग खोबरेल तेल घेऊन ती पाय चेपायला बसली. जेजुरीचा भंडारा अजून तिच्या नखांत पिवळा होता.

"आक्का, उद्या नीरेत पाय सोडून बसा घटकाभर. बरं वाटेल."

मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, झोप आली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ही वारी आमच्या सासूबाईंची. त्या गेल्या आणि दिंडीतल्या त्यांच्या जागेवर आम्ही दोघी जावा चालू लागलो. घरी वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली. वाडा एकच, मधे विटांची भिंत. तिचा मुलगा आणि माझा मुलगा सहा महिन्यांच्या अंतराने जन्मले, शाळेत एका बाकावर बसले आणि पुढे एकाच पोलीस भरतीच्या मागे लागले. मैदानी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. पहाटे कॅनॉलच्या रस्त्याने दोघं 1600 मीटर पळायचे. पहिल्या भरतीत दोघं राहिले. दुसऱ्या भरतीत पुतण्या लागला आणि माझा पोरगा दोन गुणांनी गेला.

त्या दिवशी गल्लीत गुलाल उधळला, फटाके वाजले. धूर येतोय म्हणून मी खिडकी लावली. धूर येत नव्हता. संध्याकाळी जाऊ पेढे घेऊन आली, माझ्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पुढच्या खेपेला तुझा नंबर." मी पेढा तोंडात टाकला, तो घशाखाली उतरेना.

मी अंगणवाडीत काम करते. गावातल्या प्रत्येक घरात माझं जाणं-येणं असतं, आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कलेक्टरचा हेवा कुणी करत नाही. मुंबईच्या उद्योगपतीचा तर नाहीच. हेवा वाटतो तो भिंतीपलीकडच्याचा. ज्याची सुरुवात आपल्याएवढीच होती, ज्याची ऐपत, शेत, विहीर आपल्याला पाठ आहे, त्याचं जरा वर गेलं की पोटात दुखायला लागतं. म्हणून भावकीत बांध कोरले जातात, पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात, पाणंदी अडतात. आमच्या आळीत बांधलेल्या प्रत्येक नव्या घरावर काळी बाहुली टांगली आहे. म्हणजे सगळं गाव एकमेकांच्या डोळ्यांपासून घर राखत बसलंय. टोमॅटोला काय भाव मिळाला ते कुणी खरं सांगत नाही, पोरीला बघायला पाहुणे येणार असले तर शेजारी कळू देत नाहीत. हे सगळे लोक वाईट नाहीत. एकमेकांच्या मयतीला खांदा देतात, आजारपणात डबे पाठवतात. दुःखात धावून जाणं जमतं. सुखात जाणं अवघड पडतं.

मलाही पडलं. फ्रीज कधी आला, पुतण्याने पहिल्या पगारातून आईला किती पैसे दिले, दिरांनी गाडी रोखीने घेतली की हप्त्याने, हे मला तिच्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि या जळण्यात पहिलं नुकसान मी माझ्याच लेकराचं केलं. पुतण्याच्या वह्या, प्रश्नसंच, सगळं पलीकडे पडून होतं. पोरगा म्हणाला, "दादाकडून घेऊन येतो." मी म्हणाले, "त्यांच्या उपकाराखाली नको जायला." तो गेला नाही. पुढच्या भरतीतही राहिला.

मग पुतण्याला एक स्थळ आलं. नातेपुत्याजवळच्या एका वाडीतलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं. पत्रिका जुळली होती, पसंतीही झाली होती. आपल्याकडे सुपारी फोडण्याआधी मुलाकडची चौकशी होतेच, कधी उघड, कधी आडून. मुलीचे मामा-मामी गिरणीत मला भेटले. मी दळण घेऊन निघाले होते. त्यांना ठाऊक होतं मी कोण ते. म्हणाले, तुमचा पुतण्या कसा आहे?

"पोरगा चांगला आहे," मी म्हणाले. "निर्व्यसनी आहे. नोकरी तर बघताच आहात. पण तब्येतीचं तेवढं विचारून घ्या."

एवढंच. यात खोटं एक अक्षर नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हणू शकले असते की काळजीनेच बोलले. लहानपणी तापात त्याला एकदा झटका आला होता, तसा तो अनेक पोरांना येतो. ते मी बोललेही नाही. नुसतं "पण" म्हणाले आणि पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आले.

ते लोक पुन्हा आले नाहीत. जाऊ माझ्याकडे येऊन रडली. मी तिला चहा करून दिला.

*

फलटणच्या मुक्कामी आमच्या दिंडीत कीर्तन होतं. महाराजांनी निरूपणाला तुकोबांचा 'विष्णुमय जग' हा अभंग घेतला. शेकडो वेळा म्हटलेला अभंग. 'कोणाही जीवाचा न घडो मत्सर, वर्म सर्वेश्वरपूजनाचें.' टाळ धरून मी तो चालीवर म्हणते, डोलते. महाराज 'वर्म' या शब्दावर थांबले. म्हणाले, तुकोबांनी पूजेचं वर्म सांगितलं, त्यात फूल नाही, गंध नाही, उपास नाही. मत्सर न घडणं, एवढंच. आणि 'न घडो' म्हणाले, कारण तो आपण करायला बसत नाही, घडून जातो.

मग मंबाजीची कथा लावली. देहूला तुकोबांच्या शेजारी राहणारा मंबाजी. वाटेत लावलेल्या काट्या तुकोबांनी लोकांचे पाय वाचावेत म्हणून बाजूला केल्या, तेव्हा त्याने त्याच काट्यांनी त्यांना झोडपलं. रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना, म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले. मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणाले आणि त्याचे पाय चेपत बसले.

मंडपात बायका डोळे पुसत होत्या. मी माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. दोरा अजून होता.

त्या कथेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुकोबांना मंबाजीची अनुपस्थिती जाणवली, म्हणजे तो कीर्तनाला रोज येत असणार. सगळ्यात नेमाने येत असणार. ज्याचा मत्सर असतो त्याच्या दारात आपण भक्तापेक्षा जास्त वेळ असतो.

कीर्तन संपलं की आरत्या होतात. 'आरती तुकारामा' लिहिणारे रामेश्वरभट्ट हे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारेच गृहस्थ, पुढे ते त्यांचे शिष्य झाले. 'तुकितां तुलनेसी ब्रह्म तुकासी आलें, म्हणोनि रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें.' म्हणजे या माणसाने आधी तागडी हातात घेतली होती. एका पारड्यात तुकोबा घालून पाहिले होते. माझ्याही हातात सहा वर्षं तागडी होती, एकीकडे तिचा पोरगा, एकीकडे माझा. ती खाली ठेवायची कशी ते कळत नव्हतं, पण कुठे जायचं ते त्या रात्री ठरलं. बरडनंतरचा मुक्काम नातेपुत्यालाच होता.

*

नातेपुत्याच्या तळावर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून भाकरी येते. टेम्पोत चवडीच्या चवडी, वर धोतर झाकलेलं. माझ्या नशिबाने एक टेम्पो त्याच वाडीचा होता. भाकरी उतरवून तो परत निघाला तेव्हा मी पोरांना म्हणाले, मला तुमच्या वस्तीवर सोडा आणि पुढच्या खेपेला परत आणा. त्यांनी कारण विचारलं नाही. "बसा माउली," म्हणाले.

घर सापडलं. अंगणात तीन चुली पेटल्या होत्या, बायका भाकरी थापत होत्या. मुलीची आई पुढे आली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. मी तोंड उघडायच्या आत ती बाई वाकली आणि तिने पिठाच्या हातांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "माउली, घरात या."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मोठं केलं नव्हतं आणि मी कधी इतकी लहान झाले नव्हते.

मी उंबऱ्यातच बसले आणि गावाचं नाव सांगितलं, पुतण्याचं नाव सांगितलं. तिला आठवलं. "हो हो, पोलिसातला. पोरगा देखणा होता हो. पण त्याला फिटा येतात असं कळलं आम्हाला. ड्युटीवर दोनदा पडला म्हणे."

दोनदा पडला. मी गिरणीत सोडलेला "पण" इथपर्यंत येताना एवढा वाढला होता. त्याला हात फुटले होते, पाय फुटले होते.

"बाई, ते खोटं आहे," मी म्हणाले. "तो धडधाकट आहे. कुठे पडला नाही. ते माझ्यामुळे झालं. मी त्याची चुलती."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, कुणीतरी ती उलटली. बाई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीचं लग्न झालं वैशाखात. सुखात आहे." थोड्या वेळाने, "आता काय करायचं त्याचं, माउली." रागाने म्हणाली नाही. खरंच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना तिने चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला.

तळावर पोचले तेव्हा समाज आरती चालू होती. हजारो टाळ वाजत होते. चोपदारांनी चोप वर केला, 'हो' म्हटलं आणि सगळे टाळ एका क्षणात थांबले. ज्या दिंडीची तक्रार असते तिने मात्र टाळ वाजवत राहायचं. मग त्यांचं ऐकून घेतात, निवाडा करतात, हरवल्या-सापडल्याची यादी सांगतात. लाखो माणसं एकत्र चालणार, तर कुरबुरी होणार, हे वारीने आधीच धरलंय आणि त्यासाठी जागा ठेवली आहे. जागेवरून, मानावरून, पाण्याच्या टँकरवरून, सगळ्यावरून तक्रार करता येते. पण हेवा करणाऱ्याने कोणता टाळ वाजवायचा? समोरच्याने त्याचं काही घेतलेलंच नसतं. माझ्या जावेने माझं काय घेतलं होतं? दोन गुण तिने घेतले नव्हते.

*

तिला मी माळशिरसच्या मुक्कामी सांगितलं. राहुटीत सगळ्या झोपल्या होत्या, बाहेर पाऊस भुरभुरत होता. गिरणीपासून वाडीपर्यंत सगळं सांगितलं. वह्यांचंही सांगितलं, खिडकीचंही. ती उठून बसली. एकच विचारलं, "त्या दिवशी मी तुमच्याकडे रडायला आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

तिने आपली वळकटी उचलली आणि राहुटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टाकली.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. तिच्या जागी आता रिकामी सतरंजी होती.

दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या उतारावर धावा झाला. सगळे पळत सुटले, तीही पळाली, मागे वळून पाहिलं नाही. एरवी ती माझी पिशवी धरून पळते. त्यापुढच्या दिवशी टप्पा नावाच्या ठिकाणी माउलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटली. बंधुभेट. वारकरी एकमेकांच्या पाया पडत होते, गळ्यात पडत होते. आम्ही दोघी गर्दीत दहा हातांवर उभ्या होतो. तिने तिकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

आमच्या दिंडीत टाळकऱ्यांच्या मागे तुळशीवाल्या चालतात. वृंदावन बायकांनी पाळीपाळीने डोक्यावर घ्यायचं. देताना देणारीने घेणारीच्या पाया पडायचं आणि घेणारीने तिच्या, ही आमची रीत. सासूबाईंनी आम्हाला हेच पहिल्यांदा शिकवलं होतं. पाळ्या आळंदीलाच लागतात. भंडीशेगाव सोडल्यावर तिची पाळी होती, तिच्यानंतर माझी.

मी वाट बघत चालत होते. तिने म्हटलं असतं की आज दुसरीला द्या, तर कुणी कारण विचारलं नसतं. फडकरी बाईंनी खूण केली. ती रांगेतून बाजूला झाली, मीही झाले. तिने तुळस डोक्यावरून उतरवून कमरेवर टेकवली. घामाने तिच्या कपाळावरचा बुक्का ओघळला होता.

ती वाकली. एका हाताने तुळस सावरत दुसऱ्या हाताने तिने माझ्या पायाला हात लावला, उजव्या, जिथे फोड होता. मग मी तिच्या पाया पडले. उठले तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, पुढच्या पताकांकडे बघत होती.

"नीट धरा," ती म्हणाली. "माती ओली आहे, जड झालंय."

दोन दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली. मी तुळस डोक्यावर घेतली. खरंच जड होती. पुढे बाजीरावाच्या विहिरीला रिंगण होतं, लोक आत्तापासूनच भराभर चालायला लागले होते.