पीएचपीत फाइल अपलोड: माझा अनुभव

पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी, वेबसाइटसाठीची भाषा. तिच्यात अपलोडचा फॉर्म चालत नसेल तर मी कोडआधी सेटिंग बघतो. आपल्या स्क्रिप्टची पहिली ओळ चालते, तोवर फाइल तात्पुरत्या फोल्डरात येऊन पडलेली असते, नाहीतर नाकारलेली तरी असते. म्हणूनच स्क्रिप्टमधून सेटिंग बदलणाऱ्या ‘इनी_सेट’ने ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ (फाइलच्या आकाराची मर्यादा) वाढवून उपयोग होत नाही. ते ‘पीएचपी.इनी’ या मुख्य सेटिंग फाइलीत किंवा फोल्डरातल्या ‘.यूजर.इनी’त वाढवायचं. दुसरीतला बदल लागू व्हायला 300 सेकंद जाऊ शकतात, तेवढा धीर धरा.

मूळ मर्यादा फाइलला 2 एमबी, अख्ख्या पोस्टला, म्हणजे फॉर्ममधून एकदम येणाऱ्या सगळ्या डेटाला, 8 एमबी. पोस्टची मर्यादा नेहमी मोठी हवी; फाइलला 10 दिली तर मी पोस्टला 12 देतो. ती ओलांडली की सगळ्यात फसवा प्रकार घडतो: फाइलींची माहिती देणारा ‘$_फाइल्स’ अ‍ॅरे रिकामा, बाकी खाने देणारा ‘$_पोस्ट’ही रिकामा, एरर कोड नाहीच. फॉर्म भरलाच नाही असं वाटतं. दोन्ही रिकामे दिसले तर ‘कंटेंट_लेंथ’ (आलेल्या डेटाचा आकार) तपासा. पोस्ट भरलेला आणि फक्त फाइल्स रिकामा असेल, तर फॉर्मच्या ‘एन्कटाइप’मध्ये ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ लिहायचं राहिलंय. आणि 413, म्हणजे ‘विनंती फार मोठी’ हा एरर, आला तर पीएचपीला दोष देऊ नका. पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची स्वतःची मर्यादा मुळात 1 एमबीच असते.

मग ‘$_फाइल्स’मधला एरर कोड. 0 म्हणजे ठीक, 1 म्हणजे फाइल मोठी, 3 म्हणजे अर्धवट आली, 4 म्हणजे निवडलीच नाही. 6 आणि 7 आले तर तात्पुरतं फोल्डर आणि डिस्क बघा. 5 हा कोडच नाही.

‘$_फाइल्स’मधले ‘टाइप’ (प्रकार) आणि ‘नेम’ (नाव) ब्राउझर सांगतो, त्यामुळे दोन्हींवर माझा काडीचा विश्वास नाही. प्रकार ‘एफइन्फो’ने, म्हणजे फाइलच्या आतला मजकूर बघून, तपासतो आणि फाइलला नाव स्वतः देतो.

एका खान्यात अनेक फाइली घेतल्या की अ‍ॅरे उलटा येतो: आधी ‘नेम’, मग त्यात 0, 1, 2. हे असं का ठेवलं देव जाणे, पण लूप त्याप्रमाणे लिहावा लागतो. शिवाय एका वेळी 20च फाइली, पुढच्या गळतात.

शेवटी फाइल कायमच्या जागी हलवणारं ‘मूव्ह_अपलोडेड_फाइल’. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती न विचारता पुसली जाते. आणि ‘टीएमपी_नेम’मधला तात्पुरत्या फाइलीचा पत्ता मागाहून चालणाऱ्या कामाकडे सोपवू नका, विनंती संपताच ती फाइल पीएचपी स्वतःच काढून टाकतं.