सोमवारी भागाकार काढू नये

शनिवारी तेल विकत आणू नये, अमावस्येला प्रवासाला निघू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये. अशी 'नये'ची भली मोठी यादी आपल्याकडे घराघरांत तोंडपाठ असते. त्यात प्राथमिक शाळेने एक भर घालायला हरकत नाही: सोमवारी भागाकार काढू नये. याचा ग्रहताऱ्यांशी संबंध नाही. संबंध आहे तो रविवारशी.

वर्गाच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात सगळे वार पट्टीने आखलेले, एकाच रुंदीचे. कायद्यालाही वार माहीत नाहीत. पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं, एवढंच शिक्षण हक्क कायदा सांगतो. म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. प्रत्यक्षात मात्र सोमवारचे चार तास आणि बुधवारचे चार तास यांत जमीन-अस्मानाचा फरक. जिल्हा परिषदेची एखादी दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. पट सदतीस. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे. दिवस श्रावणाचे, पोळा पुढच्या आठवड्यावर आलेला.

सोमवारचा रंग परिपाठातच कळतो. राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला ५२ सेकंद लागतात, सोमवारी ते रेंगाळत मिनिटाच्या पुढे जातं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आलं, त्याची चाल ठसक्याची. सोमवारी तीही पाय ओढत चालते. हजेरीत दोघं-तिघं गैरहजर, मामाच्या गावाहून अजून परतायचीत. कुणाच्या दप्तरात पुस्तकं आहेत पण पेन्सिल नाही. वाढलेली नखं, त्यांत रविवारची माती. अशा वेळी नवा घटक काढला तर तो मंगळवारी पुन्हा काढावा लागतो, वर 'कालच शिकवलं होतं ना' असं उगाच तोंडातून जातं. म्हणून सोमवार जुन्या कामाला द्यावा. पाढे म्हणून घ्यावेत, गेल्या आठवड्यातली गणितं आकडे बदलून द्यावीत, वह्या तपासाव्यात. फळाही पावसाळ्यात दमट असतो, त्यावर खडू धड उमटत नाही. ओल्या फडक्याने पुसला की पांढरे पट्टे राहतात. आधी कोरड्या डस्टरने पुसून मग लिहावं. नवा खडू किरकिरत असेल तर मधोमध मोडावा, आवाज बहुधा बंद होतो.

पण सोमवारी एक गोष्ट सुरू करायलाच हवी, ती म्हणजे बियांचा प्रयोग. तो गुरुवारी सुरू केला तर ऐन पाहायच्या वेळी रविवार आडवा येतो. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली अर्ध्यात कापायची. आइस्क्रीमच्या लांब काडीवर किंवा जुन्या पट्टीवर हरभऱ्याचे तीन दाणे दोऱ्याने बांधायचे, एक वर, एक मध्ये, एक तळाशी. काडी बाटलीत उभी करून मधला दाणा अर्धा बुडेल इतकंच पाणी घालायचं. वरच्याला हवा आहे पण पाणी नाही, तळच्याला पाणी भरपूर पण हवा कमी, मधल्याला दोन्ही. दोरा करकचून आवळू नये, दाणा फुगला की तो सालीत रुततो. सैल बांधला तर दाणा पहिल्याच दिवशी तळाला. दोन वेढे आणि साधी गाठ पुरते. पाण्याच्या पातळीवर बाटलीला बाहेरून पेनने रेघ मारायची आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरायचं काम एकाच मुलाकडे द्यायचं. दोघांना दिलं की दोघंही भरतात, मग मधला दाणाही बुडतो.

मंगळवारी वर्ग जागा होतो. दुसरीत दोन अंकी संख्या आहेत आणि मराठीत हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. ४७ ला आपण सत्तेचाळीस म्हणतो. कानावर आधी 'सत्ते' पडतं, हात लगेच ७ लिहितो, मागून 'चाळीस' आल्यावर त्याच्यापुढे ४. झाले ७४. मुलाला संख्या येत नाही असं नाही, ऐकल्या क्रमाने त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. ५९ आणखी फसवं. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतं, म्हणून ६९ नाहीतर ६१. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विनोद झाले, विधानसभेपर्यंत विषय गेला. ज्यांनी कधी सात वर्षांच्या मुलाला ४७ लिहायला सांगितलं नव्हतं, त्यांचाच आवाज त्यात मोठा होता. जुनी नावं पुस्तकातून गेली नव्हती, सुरुवातीला धरायला एक कठडा दिला होता, इतकंच.

पुस्तक काहीही म्हणो, वर्गात दोन उपाय चालतात. पहिला अगदी साधा. संख्या पूर्ण ऐकून होईपर्यंत पेन्सिल वर धरायची. बाईंनी दोनदा उच्चारायचं, मुलांनी एकदा म्हणायचं, 'चाळीस आणि सात' असं स्वतःशी फोडायचं आणि मगच हात खाली. दुसरा उपाय काड्यांचा. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडून घ्यायचे, दहा मोजून रबर लावलं की झाला दशक. हे गठ्ठे मुलांनी स्वतः बांधायला हवेत. बाईंनी घरून बांधून आणलेल्या गठ्ठ्यात दहाच काड्या आहेत यावर मुलाचा विश्वास नसतो, ते प्रत्येक वेळी सोडून मोजतं. आणि खरंच, दर चार गठ्ठ्यांमागे एखाद्यात नऊ निघतात. स्वतः बांधलेला गठ्ठा मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळी न मोजता 'दहा' म्हणून उचलला जातो. तेवढं झालं की हातच्याची बेरीज समजावून सांगावी लागत नाही. सुट्ट्या काड्या दहा झाल्या की मुलं स्वतःच रबर मागतात. रबरं मात्र पोरं मनगटात घालून घरी नेतात, तेव्हा आणतानाच दुप्पट आणावीत.

भागाकाराचा वार बुधवार. चौथीला ४०८ भागिले ४ द्यावं आणि वह्यांवरून नजर फिरवावी, निम्म्या वह्यांत १२ दिसेल. चार एके चार, दशकाच्या घरात शून्य, 'शून्याला काय भागायचं' म्हणून ते वगळलं, मग चार दुणे आठ. रीत पाठ आहे, पण घरं हरवली आहेत. इथे पुन्हा रीत सांगून काही होत नाही. खेळातल्या नोटा काढाव्यात. शंभराच्या चार नोटा, दहाची एकही नाही, रुपयाची आठ नाणी. चार जणांना उभं करून वाटायला लावावं. प्रत्येकाच्या हातात शंभराची नोट आली की १२ हे उत्तर कुणीच सांगत नाही. मग भागाकाराच्या जागी आधीच श, द, ए अशी तीन घरं आखायची आणि एकही घर रिकामं सोडायचं नाही, वाटायला काही नसेल तर शून्य लिहायचं. एवढी अट पुरेशी आहे. दोन-तीन दिवस घरं आखून घ्यावीत, मग हळूच आखणं बंद करावं. लगेच बंद केलं तर शून्य पुन्हा गायब.

तिसरी-चौथी एकत्र असली की चौथीचा भागाकार चालू असताना तिसरीने काय करायचं, हा कायमचा प्रश्न. 'पाठ वाचा' सांगितलं तर पाच मिनिटांत पेन्सिलची तक्रार येते. त्यांना हाताला काम हवं. पोषण आहाराचा हिशेब हे त्यातलं उत्तम काम, कारण उत्तर खरं लागतं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. आज हजर चौतीस, तर तांदूळ ३ किलो ४०० ग्रॅम, डाळ ६८० ग्रॅम, भाजी १ किलो ७०० ग्रॅम. तेलाचे १७० ग्रॅम काढताना पाचाचा पाढा आपोआप येतो. एखादा ३४०० किलो तांदूळ सांगतो, तेव्हा त्याला हसण्याऐवजी स्वयंपाकाच्या ताईंकडे निरोप घेऊन पाठवावं. ताईंची मुद्रा पाहून त्याला ग्रॅम आणि किलो यांतलं अंतर जन्मभरासाठी समजतं. खिचडी शिजली की आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची, नोंदवहीत लिहायचं, मग मुलांना वाढायचं. हात धुण्याच्या रांगेत पहिलीच्या मुलांना पुढे ठेवावं. मागे ठेवलं तर साबण त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर हरवलेला असतो.

गुरुवारी गावचा बाजार. पट सदतीसचा असला तरी वर्गात पंचवीस-सव्वीस. कुणी आईबरोबर भाजीच्या पाटीपाशी बसलेलं, कुणी धाकट्याला सांभाळायला घरी. या दिवशी नवा पाठ घेतला तर दहा-बारा जण मागे राहतात. पण हाच दिवस एकेकाला जवळ घेऊन वाचून घ्यायला सोन्यासारखा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. मोजायला सोपं आहे, घड्याळ लावायचं, मिनिटभर वाचू द्यायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. पण शब्द म्हणजे काय, हे मराठीत जरा जपून मोजावं. 'घरासमोरच्या' हा एक शब्द आणि 'तो' हाही एकच शब्द. प्रत्ययांनी लांबलेल्या शब्दांचा उतारा दिला की चांगलं वाचणारं मूलही साठाच्या खाली दिसतं. तेव्हा आकडा एकाच उताऱ्यावरून ठरवू नये.

त्याहून मोठी फसगत पाठांतराची. घडाघडा वाचणारं मूल कित्येकदा वाचत नसतं, म्हणत असतं. पाठ वर्गात दहा वेळा झालेला असतो, चित्र पाहून पुढचं ओठांवर येतं. ओळखायची खूण डोळे. बोट तिसऱ्या ओळीवर आणि आवाज पाचव्या. त्याला मधल्याच ओळीपासून वाचायला सांगावं, चित्रावर हात ठेवावा, नाहीतर त्याच शब्दांची वेगळी वाक्यं फळ्यावर लिहावीत. मग खरी अडचण पुढे येते, आणि ती बहुतेक वेळा 'र'ची असते. सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर, चार ठिकाणी चार रूपं. 'सूर्य' ला 'सूय' किंवा 'सूयर' वाचणाऱ्याला रफार दिसतो, फक्त तो कुठल्या अक्षराआधी उच्चारायचा ते कळत नाही. 'पूर्व', 'दुर्गा', 'मिरची' आणि 'मिर्ची' असे शब्द हळू, तोडून, टाळी देत म्हणायला लावले की 'र्'ची जागा कानाला सापडते. डोळ्यांना ती मागाहून दिसते. एका गुरुवारी सहा-सात मुलांचं असं वाचून होतं, त्याहून जास्त करायला जाऊ नये.

शुक्रवारी श्रुतलेखन दहा ओळींचं, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. चूक झालेला शब्द पाच वेळा लिहायला लावण्यापेक्षा एका नव्या वाक्यात लिहायला लावावा. पाच वेळांतले शेवटचे तीन मूल खिडकीबाहेर बघत लिहितं. शुक्रवारचं खरं काम म्हणजे ती बाटली. मधल्या दाण्याला एव्हाना चांगला लांब मोड आलेला, वरचा होता तसाच ठणठणीत. आणि तळचा? पुस्तकी उत्तर 'उगवला नाही'. प्रत्यक्षात अनेकदा तळच्यालाही बारीकसं टोक फुटलेलं असतं, कारण पाण्यात थोडी हवा विरघळलेली असतेच. पुढे ते टोक वाढत नाही, दाणा बुळबुळीत होतो, पाण्याला वास मारतो. मुलं ते टोक डोळ्यांनी बघतात आणि वहीत 'उगवला नाही' लिहितात, कारण गाइडमध्ये तसं आहे. इथे हटकायला हवं. 'तुला काय दिसलं ते लिही' म्हणावं आणि 'थोडा मोड आला, मग कुजला' या वाक्याला पूर्ण गुण द्यावेत. चौथीच्या वर्गात विज्ञान म्हणतात ते एवढंच असतं.

शनिवारची शाळा सकाळची, बिनदप्तराची. कवायत, मग लंगडी किंवा खो-खो आणि शेवटचा दीड तास पोळ्याच्या बैलांना. काळी माती हाताशी असते, पण सुकताना ती फार आटते आणि भेगा पडतात. ती चाळून रात्रभर भिजत घालावी, सकाळी तिसरा हिस्सा बारीक वाळू आणि ओंजळभर कागदाचा लगदा घालून मळावी. हाताला चिकटेनाशी झाली की झाली. मुलं धड वेगळं, पाय वेगळे, डोकं वेगळं करून जोडतात, आणि सुकल्यावर बैल चारी पाय सोडून बसतो. म्हणून एकाच गोळ्यातून पाय ओढून काढायला शिकवावं, आखूड आणि जाड. पोटाखाली सुकेपर्यंत एक दगड टेकू द्यावा. शिंगं आणि वशिंड जोडायची असतील तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून, मध्ये पातळ चिखल लावून दाबायची. बैल उन्हात ठेवू नयेत, वरचा थर आधी आकसतो आणि आतली ओल त्याला फाडते. व्हरांड्यात वर्तमानपत्रावर, सावलीत, श्रावणात चार-पाच दिवस तरी लागतात. रोज कूस बदलावी. गेरू पूर्ण सुकल्यावरच, नाहीतर पापुद्रे निघतात.

एवढं करूनही काही शिंगं तुटणारच. फेविकॉलने ती पक्की बसतात. फक्त कुठलं शिंग कोणाच्या बैलाचं यावर एक अख्खी तासिका जाते, म्हणून प्रत्येकाने बैलाच्या पोटाखाली आणि जमल्यास शिंगाच्या बुडाशीही काडीने आपला हजेरी क्रमांक कोरावा, आणि तो माती ओली असतानाच.