आरशातला कारभारी

त्या रात्रीच्या चाचणीची नोंद अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात सलग चार ओळी अगदी एकसारख्या आहेत. चारही ठिकाणी खोली माजघर, प्रकार घुसखोर, आणि चारही ठिकाणी खेळाने दिलेले उत्तर एकच: विसंगती आढळली नाही. पहिली ओळ रात्री 10 वाजून 52 मिनिटांची आहे आणि चौथी 10 वाजून 59 मिनिटांची. या सात मिनिटांत खेळणारा माणूस चिडत गेला होता, आम्ही हसत गेलो होतो, आणि खेळ शांतपणे चुकीचे उत्तर देत होता.

इंदूरला स्नेहलतागंजात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची सात जणांची मंडळी व्हिडिओ गेम तयार करते. माझे काम तपासणीचे. खेळ बाहेर जाण्याआधी तो शेकडो वेळा खेळायचा, कुठे काय मोडते ते लिहून ठेवायचे, आणि ‘हे ठीक आहे’ अशी सही करायची. ज्या खेळाची ही हकिगत आहे तो भयपटासारखा असला तरी त्यात धावाधाव किंवा मारामारी नाही. 2018 साली ‘आय ॲम ऑन ऑब्झर्वेशन ड्यूटी’ नावाचा एक खेळ आला, त्याच जातीचा हा. खेळणाऱ्याने खेळातल्या घड्याळाच्या मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत कॅमेऱ्यांतून घरातल्या खोल्या पाहत बसायचे, खुर्ची सरकली, तसबिरीतला चेहरा बदलला, दार उघडले, कोणी उभे राहिलेले दिसले, की खोली आणि बदलाचा प्रकार निवडून कळवायचे. न कळवलेल्या विसंगती साठत गेल्या की खेळ संपतो. पुढे 2023 साली जपानमधून आलेल्या ‘द एक्झिट 8’ने हीच कल्पना एका भुयारी वाटेत नेली. तिथे काही वेगळे दिसले तर मागे फिरायचे, न दिसले तर पुढे चालायचे, आणि तुमचे सलग आठ निर्णय बरोबर आले तरच बाहेरची वाट सापडते.

आमच्या खेळातले घर म्हणजे होळकरकालीन वाटावा असा वाडा. जुन्या इंदुरातल्या दोन-तीन पडक्या वाड्यांची छायाचित्रे आणि मापे घेऊन आमच्या चित्रकाराने तो उभा केला. देवडी, चौक, ओसरी, दिवाणखाना, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि परसू, असे नऊ कॅमेरे. परदेशी खेळांत घुसखोर म्हणून लांब हातांच्या आकृत्या असतात. आम्ही अंगरखा आणि पगडी घातलेला, हातात चोपडी घेतलेला एक कारभारी ठेवला. तो कधी देवडीत, कधी कोठीच्या दाराशी उभा राहतो आणि हिशेब तपासल्यासारखा खाली पाहत असतो. मला स्वतःला तो लांब हातांपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो, पण हे कदाचित माझे आजोळ कारकुनांचे असल्यामुळे असेल.

अशा खेळात बदल डोळ्यांदेखत करायचा नसतो. वस्तू हलताना दिसली तर नजर आपोआप तिकडे जाते आणि शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून खेळणारा दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेला की मागच्या खोलीत गडबड होते. शिवाय कॅमेरा बदलताना आम्ही पडद्यावर क्षणभर मुंग्या आणतो. त्या केवळ जुन्या टीव्हीच्या आठवणीसाठी नाहीत. रॉनल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवून दिले होते की, दोन चित्रांमध्ये क्षणार्धाचा कोरा पडदा घातला तर चित्रातला मोठा बदलसुद्धा माणसाला बराच वेळ दिसत नाही. तो पडदा काढून टाकला तर तोच बदल लगेच लक्षात येतो. आमच्या मुंग्या म्हणजे तो कोरा पडदा. खेळणाऱ्याला मग एकच आधार उरतो, तो म्हणजे पहिल्या फेरीत पाहून लक्षात ठेवलेली खोली. पहिल्या फेरीत आम्ही काहीही बदलत नाही. जे दिसते ते सगळे खरे, हा आमचा खेळणाऱ्याला दिलेला शब्द आहे.

तो शब्द पाळला जातो की नाही, हे पाहणे माझ्याकडे होते. त्यासाठी मी एक पद्धत बसवली होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. नऊ खोल्यांची मूळ छायाचित्रे मी एकदा काढून ठेवली होती. खेळाची नवी आवृत्ती आली की त्याच नऊ जागांवरून पुन्हा छायाचित्रे काढायची आणि संगणकाकडून नव्या चित्रातून जुने चित्र वजा करवून घ्यायचे. दोन्ही सारखी असतील तर वजाबाकी पूर्ण काळी येते, कुठे तसूभर फरक असेल तर तेवढाच भाग उजळतो. एकदा चित्रकाराने न सांगता देवघरातली समई दोन बोटे डावीकडे सरकवली होती, ती या काळ्या चित्रात दोन पांढऱ्या रेघांसारखी उठून दिसली. त्या दिवसापासून कोणी माझ्या पद्धतीवर शंका घेतली नाही, आणि मीही घेतली नाही.

डिसेंबरमधल्या त्या शनिवारी आम्ही बाहेरच्या चार-पाच जणांना खेळायला बोलावले होते. त्यांत आमच्या ध्वनीचे काम करणाऱ्या मुलाचे मामा होते. ते कापड बाजारातल्या एका व्यापारी संकुलात रात्रपाळीला सीसीटीव्हीच्या खोलीत बसतात, आणि त्या दिवशी त्यांची सुटी होती. रोज खरे कॅमेरे पाहणारा माणूस खोटे कॅमेरे कसे पाहतो, अशी गंमत म्हणून आम्ही त्यांना बोलावले होते, हे कबूल करायला हवे. मामांनी चष्मा पुसला, नियम ऐकून घेतले, आणि पहिल्याच फेरीत, म्हणजे ज्या फेरीत काही नसते त्या फेरीत, माजघरात घुसखोर असल्याचे कळवले. खेळाने नकार दिला. आमच्याकडे चुकीच्या सूचनेला शिक्षा आहे. वीस सेकंद सगळे कॅमेरे बंद होतात. मामा वीस सेकंद थांबले आणि त्यांनी पुन्हा तेच कळवले.

चौथ्या वेळी ते माझ्याकडे वळले.

“अहो ताई, हा पगडीवाला कोण आहे?”

“कुठे, मामा?”

“आरशात. मी केव्हाचा सांगून राहिलोय, आणि तुमचा खेळ म्हणतो कोणी नाही.”

“मामा, तो डाग आहे,” भाचा म्हणाला. “आरसा जुना दाखवलाय ना, म्हणून पारा उडालाय.”

“डागाला पगडी असते होय रे?”

सगळे हसले. मीही हसले. नवखा माणूस सुरुवातीला जिथे तिथे भुते पाहतो, हे आम्हाला ठाऊक होते. तपासणीच्या भाषेत अशा सूचनेला खोटा इशारा म्हणतात आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या पुष्कळ येतात. मी नोंदीत तसेच लिहिले. मामांनी नंतर तो आरसा सोडून दिला आणि बाकीचा खेळ सावकाश, एकाही दाराची किंवा दिव्याची चूक न करता सकाळी सहापर्यंत नेला. हे मात्र मला खटकले. ज्याने पुढच्या सगळ्या सूचना बरोबर दिल्या, त्याने पहिल्या चार एकाच जागी चुकवाव्यात, हे नवखेपणाचे लक्षण नव्हते.

मंडळी चहा पीत असताना मी माझ्या संगणकावर माजघर उघडले, आरशापुरता भाग मोठा केला आणि उजेड वाढवला. धुरकट, कडा विरघळलेला, पण खांद्यावरून खाली उतरणारा अंगरखा आणि त्यावर तिरकी बसलेली पगडी. कारभारी आरशात उभा होता. खोलीत मात्र कोणीही नव्हते.

मानेवरून काटा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आपण स्वतः ज्या भुताची उंची-रुंदी मोजलेली आहे ते न ठेवलेल्या जागी दिसणे, यात एक वेगळाच गारठा असतो. पण कारण सापडायला अर्धा तासही लागला नाही. खेळातला आरसा खरा आरसा नसतो. समोरचे प्रतिबिंब दर क्षणाला नव्याने काढणे संगणकाला जड जाते, म्हणून खोलीच्या मध्यभागी एक अदृश्य बिंदू ठेवून तिथून चहूबाजूंचे चित्र एकदाच काढून ठेवतात आणि चकचकीत वस्तूंवर तेच चित्र चिकटवतात. त्या बिंदूला रिफ्लेक्शन प्रोब म्हणतात, आणि प्रकाशाचा हिशेब असा आधीच करून साठवण्याला बेक करणे. चित्रकाराने काही आठवड्यांपूर्वी कारभाऱ्याची उंची चौकटीशी जुळते का हे पाहण्यासाठी त्याला माजघराच्या दारात उभे केले होते. साठवलेल्या चित्रात फक्त ‘स्थिर’ अशी खूण केलेल्या वस्तू येतात. कारभारी हलत नव्हता, म्हणून त्याच्यावरही ती खूण राहून गेली. त्या संध्याकाळी चित्रकार सगळ्या वाड्याचे बेकिंग लावून घरी गेला. सकाळी येऊन त्याने दारातला कारभारी उचलून ठेवला. आरशातला कारभारी कोणी उचलला नाही.

मी माझी मूळ छायाचित्रे त्याच्या दुसऱ्या दिवशी काढली होती.

म्हणजे माझ्या ‘खऱ्या’ माजघरात तो पहिल्यापासून होता. नव्या चित्रातून जुने वजा केले की कारभाऱ्यातून कारभारी वजा होत होता आणि उत्तर काळे येत होते. शंभर आवृत्त्या तपासल्या असत्या तरी ते काळेच आले असते. आणि पद्धत जाऊ द्या, मी स्वतः तो आरसा रोज पाहत होते. डाग म्हणून पाहत होते.

मामांना मी तो मोठा केलेला भाग दाखवला. त्यांना त्यात विजय वगैरे काही वाटला नाही. “मग मी काय सांगत होतो,” एवढेच म्हणाले. मात्र तुम्हाला तो दिसला कसा, या प्रश्नावर त्यांनी जे सांगितले ते मी त्याच रात्री लिहून ठेवले. पाळी बदलताना ते आधीच्या माणसाला ‘काय घडले’ हे विचारतातच, पण त्यानंतरचा पहिला अर्धा तास ते बदल शोधतच नाहीत. एकेक कॅमेरा घेऊन, ही वस्तू इथे का आहे, एवढेच विचारतात. त्यांच्या नोंदवहीत त्यांनी स्वतः आखलेला एक रकाना आहे, ‘आधीपासून’. मागच्या फाटकाशी साखळीने बांधलेली हातगाडी, कोणाची ते माहीत नाही, तरी आधीपासून. एका दुकानाच्या शटरला कुलूप आहे, पण ते एकाच कडीत अडकले आहे, आधीपासून. तिन्ही पाळ्यांना ते कुलूप रोज तसेच दिसत होते, म्हणून कोणाला काही वाटले नव्हते. मामांनी दुकानदाराला विचारले, तेव्हा दुसरी कडी कित्येक दिवसांपूर्वीच तुटलेली निघाली. चोरी झाली नव्हती, हे त्याचे नशीब.

विरळ घडणारी गोष्ट नजरेतून जास्त सुटते, हे मी वाचले होते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती समोर असूनही माणसांच्या नजरेतून सुमारे 7 टक्के वेळा सुटत होती, आणि शंभरात एकदाच असताना सुमारे 30 टक्के वेळा. आमच्या खेळात मिनिटाला काही ना काही घडते; मामांच्या पडद्यावर महिनोन्‌महिने काहीच घडत नाही. त्या हिशेबाने त्यांची नजर आमच्यापेक्षा बोथट व्हायला हवी होती. मला वाटते, तो रकाना भरण्यासाठी त्यांना रोज रात्री काहीतरी शोधावेच लागते, आणि त्यामुळे त्यांची रात्र कधी रिकामी जात नाही. हा माझा अंदाज आहे. मामांना विचारले तर ते म्हणाले, झोप येऊ नये म्हणून करतो.

काम आवरून आम्ही सराफ्यात गेलो. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर तिथे खाण्याची जी जत्रा भरते, ती थंडीत अधिकच गजबजलेली असते. गरम गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, द्रोणावर आमचे भांडण झाले. खेळाची रचना करणाऱ्याचे म्हणणे, आरशातला कारभारी तसाच राहू द्यावा. इतकी सुंदर भीती ठरवून जमली नसती, आणि ज्याला दिसेल तो चार लोकांना सांगेल. मी विरोध केला. ज्याला तो दिसेल तो प्रामाणिकपणे कळवणार, आणि आम्ही त्याला वीस सेकंद अंधारात बसवणार. म्हणजे डोळसपणाची शिक्षा. मग त्याला विसंगती म्हणून मान्यता द्या, असे कोणी म्हणाले. पण मग पहिल्या फेरीतले सगळे खरे, हा शब्द मोडतो, आणि तो एकदा मोडला की खेळणाऱ्याने उरलेल्या आठ खोल्यांवर विश्वास का ठेवावा? मामा गराडू संपवून शांतपणे म्हणाले, “भिया, तुम्ही आधी ठरवा की तो आहे की नाही. मग मी बघतो.” यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

सोमवारी चित्रकाराने ‘स्थिर’ची खूण काढली, पुन्हा बेकिंग लावले, आणि आरसा रिकामा झाला. मी नऊही खोल्यांची छायाचित्रे नव्याने काढली. या वेळी ती काढण्याआधी एकेका खोलीसमोर बसून प्रत्येक वस्तूपुढे ती तिथे का आहे हे लिहून काढले. त्यात दोन दिवस गेले. कोठीच्या खोलीत एक वायर सापडली जी भिंतीतून निघून कुठेच जात नाही, आणि चौकातल्या तुळशीवृंदावनाची सावली सूर्य नसलेल्या बाजूला पडत होती. दोन्हींवर माझी आधी सही होती.

त्याच आठवड्यात शनिवारच्या चाचणीतला एक कॉलेजचा मुलगा नवी आवृत्ती खेळायला पुन्हा आला. खेळ सुरू होऊन तीन मिनिटे झाली नसतील, त्याने माजघर निवडले आणि प्रकारांच्या यादीतून ‘वस्तू नाहीशी होणे’ हा प्रकार दाबला. मी मागे उभी होते. काय नाहीसे झाले म्हणून विचारले. त्याने पडद्यावरच्या आरशाकडे बोट दाखवले. इथे एक डाग होता, तो म्हणाला, मागच्या वेळी मी नीट लक्षात ठेवला होता.

पडद्यावर अक्षरे उमटली: विसंगती आढळली नाही. आणि नऊही कॅमेरे वीस सेकंदांसाठी बंद झाले.