शब्दमुळांची वही: सध्या मुक्काम 'फायरी'वर

आगीच्या इंग्रजी विशेषणांचं काम चालू आहे, गाडी 'फायरी'पर्यंत आलीय. अर्थ सोपा, आगीचा किंवा आगीसारखा, पण वापर बघत गेलो तर बऱ्याचदा आग नसतेच हो, फायरी टेम्पर म्हणजे तापट डोकं, फायरी स्पीच म्हणजे जहाल भाषण, फायरी रेड म्हणजे लालभडक. खरंच जळतंय त्याला लोक सरळ 'बर्निंग' म्हणतात.

मला जास्त मजा आली ती स्पेलिंगमध्ये. 'फायर'मधला ई शेवटी, मग 'फायरी'त तो आरच्या आधी कसा? तर मध्ययुगीन इंग्रजीत एफ-आय-ई-आर असंही लिहायचे आणि एफ-आय-आर-ई असंही, दोन्ही चालायचं, साधारण 1600 पर्यंत नामाचं दुसरं स्पेलिंग पक्कं झालं आणि विशेषण मात्र जुनंच धरून बसलं. म्हणजे ज्याला आपण शाळेत विचित्र म्हणून पाठ केलं तेच जास्त जुन्या वळणाचं निघालं!

मुळाकडे गेल्यावर अजून गंमत. आदिम इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या सगळ्यांची मानलेली मूळ भाषा) आगीला दोन वेगळे शब्द होते असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. एकातून आपला अग्नी आणि लॅटिनचा 'इग्निस', दुसऱ्यातून ग्रीक 'प्यूर' आणि इंग्रजी 'फायर'. म्हणजे फायर आपल्या अग्नीचं भावंड नाहीच, पण अग्निजन्य खडकाला लावतात ते 'इग्नियस' आहे, आणि गाडीचं इग्निशनसुद्धा त्याच घरातलं (चावी फिरवताना कोणाच्या डोक्यात येतं?).

'इन्फ्लेमेबल' म्हणजे सहज पेट घेणारं, त्याबद्दल मागे विचारलं होतं कोणीतरी. त्यातला 'इन' नकाराचा नाही, लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे त्यातून तो आलाय, पण लोक 'न पेटणारं' असा अर्थ घेतील ही भीती होतीच, म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. माझ्या मते बरोबरच केलं, डब्यावरच्या इशाऱ्यात व्युत्पत्ती कोण बघत बसतो.

पुढचा नंबर 'आर्डंट'चा, म्हणजे उत्कट. लॅटिन 'आर्देरे', जळणे. 'आर्सन' म्हणजे जाळपोळ तीही याच मुळातली, आणि पूर्वी पेट घेईल इतक्या कडक दारूला 'आर्डंट स्पिरिट्स' म्हणायचे. त्याची जुनी उदाहरणं कोणाकडे असतील तर टाका.