शनिवारची संध्याकाळ आणि टेबलावरचे पाच लॅपटॉप

जुलैचा पहिला शनिवार. इंजिनिअरिंगच्या कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी चालू होती, म्हणजे लॅपटॉपच्या दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. पुण्यातल्या ज्या शोरूममध्ये मी लॅपटॉपचा विभाग सांभाळतो, तिथे टेबलावर १४ नग मांडलेले असतात. त्यातले ३ गेमिंगचे, २ ॲपलचे, ४ ऐंशी हजारांच्या वरचे. उरले ५. पन्नास ते पासष्ट हजारांतले हे पाच नग म्हणजेच खरं दुकान, कारण जूनजुलैत येणारी बहुतेक घरं तेवढीच जुळवाजुळव करून आलेली असतात.

साडेपाचला एक आजोबा नातीला घेऊन आले. मुलीने वहीच्या मागच्या पानावर तीन मॉडेलं लिहून आणली होती. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वजन दीड किलोच्या आसपास. घरी बसून जेवढं कळतं तेवढं तिला कळलं होतं. "दादा, मला फक्त टाइप करून बघायचंय," एवढंच ती म्हणाली.

पाचही नग अडलेले. पहिल्यावर एक मुलगा पाठीवरची सॅक न काढता कॅपचा फॉर्म भरत होता. दुसऱ्यावर कॉलेजची दोन मुलं क्रिकेटच्या हायलाइट्स बघत होती. तिसऱ्यावर एक गृहस्थ वेब व्हॉट्सॲप उघडून कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये बेरजा दुरुस्त करत होते. चौथ्यावर सहासात वर्षांचा एक छोटा पेंटमध्ये रंग ओतत होता, त्याचे आईवडील पलीकडे फ्रिज बघत होते. पाचव्यासमोर माणूसच नव्हता, पण कीबोर्डवर भाजीची पिशवी आणि यूएसबीला लावलेला फोन.

पिशवी मी उचलून बाजूला ठेवली. मुलीने तिथे जरा टाइप केलं, पण वहीतलं मॉडेल ते नव्हतंच. तिला हवे होते पहिला आणि तिसरा. तिसऱ्यावरच्या गृहस्थांना म्हटलं, "साहेब, या ताईंना दोन मिनिटं बघायचंय." ते म्हणाले, "झालंच, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं वीसवर गेली. आजोबांचे पाय दुखायला लागले. टेबलाजवळ आम्ही खुर्च्या ठेवत नाही, कारण ठेवल्या की हायलाइट्सवाले त्यावर बसतात. आजोबांसाठी आतून स्टूल आणलं, तोवर ते "येतो परत" म्हणून निघालेही होते. ते परत आलेले मला तरी दिसले नाहीत.

लोकांना वाटतं, शोरूमचा नग कुणी वापरला तर दुकानाचं काय जातं? हिशेब साधा आहे. एका गिऱ्हाइकाला नीट दाखवायला १५ मिनिटं पुरतात. शनिवारी खरी गर्दी ५ ते ८, म्हणजे १८० मिनिटं. त्यात एक नग १२ घरांना दाखवून होतो. फॉर्म भरणारा मुलगा एक तास चाळीस मिनिटं उभा होता. म्हणजे त्या एका नगावरची सहासात घरं गेली. आणि यातलं दुकानाचं नुकसान मला दुय्यम वाटतं. साठ हजार घालणाऱ्या घराला ती वस्तू आधी हाताळायला मिळाली नाही, हे जास्त लागतं. ते घर मग रात्री मोबाइलवर ऑर्डर देतं आणि चार वर्षं त्याच कीबोर्डवर काढतं.

हाताळून जे कळतं ते कुठल्याही वेबसाइटवर कळत नाही. दहा मिनिटांत काय बघायचं ते सांगतो, म्हणजे टेबल मोकळं मिळालं की वेळ वाया जाणार नाही. आधी कीबोर्डच्या मधोमध, जी आणि एचच्या आसपास बोटाने दाबायचं. पत्रा खाली वाकत असेल तर रोजच्या टायपिंगला बोटांना ते जाणवतं. मग चारपाच ओळी सलग टाइप करायच्या आणि बॅकस्पेस, उजवी शिफ्ट आणि बाणांच्या कळांवर लक्ष ठेवायचं. वर-खालचे बाण अर्ध्या उंचीचे असतील तर कोड लिहिणाऱ्या मुलांची बोटं तिथेच चुकतात. त्यानंतर स्क्रीन. ब्राइटनेस पूर्ण करून एखादा रंगीत फोटो उघडायचा. स्वस्त नगांत रंगांचा आवाका ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजायची एक पट्टी) लिहिलेला असतो, त्यात लाल रंग विटकरीकडे झुकतो. शेजारी १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, नग असेल तर तोच फोटो तिथे उघडायचा, फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. उजेड २५० निट्स असेल तर शोरूममध्ये चालून जातो, पण खिडकीपाशी बसून काम करणाऱ्याने ३०० च्या वरचा बघावा.

शेवटी टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं. तिथे रॅमचे किती स्लॉट, म्हणजे खाचा, भरलेत ते दिसतं. दोनपैकी एक भरलेला असेल तर पुढे रॅम वाढवण्याची वाट बहुधा मोकळी आहे. काही नगांत सगळी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी, असते आणि तरीही आकडा काहीतरी दिसतो, म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर टिपून कंपनीच्या साइटवर एकदा ताडून बघावं. इतकंच. याला १०० मिनिटं लागत नाहीत.

त्या संध्याकाळी अजून एक गोंधळ झाला आणि त्याचं कारण कळायला अर्धा तास गेला. सहाच्या सुमाराला बिलिंगचं मशीन अडकायला लागलं. हप्त्यावर घेणाऱ्यांची मंजुरी ऑनलाइन येते, ते पान गोल फिरत राहिलं. रांगेत सात जण. इंटरनेट कंपनीला फोन लावला, राउटर बंद करून चालू केला, दोन मिनिटं बरं चाललं आणि परत तेच. शेवटी सापडलं ते गेमिंगच्या टेबलावर. तीन मुलांनी दोन लॅपटॉपवर एक मोठा गेम उतरवायला लावला होता, चाळीसेक जीबीचा. डिस्प्लेचे नग आणि बिलिंग एकाच वायफायवर. ही चूक आमची होती, मुलांची नव्हे. डिस्प्लेला वेगळं गेस्ट नेटवर्क हवं आणि राउटरमध्ये त्याला वेगाची मर्यादा हवी. आता आमच्याकडे एका नगाला ५ एमबीपीएस मिळतात. यूट्यूब दिसतं, गेम उतरवणारा कंटाळून जातो.

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून नग पुसायला घेतले. फॉर्मवाल्या मुलाच्या लॅपटॉपवर डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि हात थांबला. आधार कार्ड. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. डोमिसाइल. नॉन-क्रीमीलेयर. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला. सहीचा फोटो आणि पासपोर्टचा फोटो वेगवेगळा कापून ठेवलेला. क्रोममध्ये त्याचा जीमेल उघडा आणि फॉर्मच्या साइटचा पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलेला. त्या पासवर्डने कुणीही आत शिरून त्याच्या कॉलेजांच्या पसंतीचा क्रम बदलू शकलं असतं. साडेपाचपासून मी मनातल्या मनात ज्याच्यावर चिडत होतो, तो पोरगा घरी संगणक नाही म्हणून इथे उभा राहिला होता आणि आपलं सगळं घर आमच्या टेबलावर उघडं टाकून गेला होता. सगळं पुसलं, जीमेलमधून बाहेर पडलो, जपलेला पासवर्ड काढला.

कुणाच्या हातून असं झालं असेल तर दुकानात परत यायचीही गरज नाही. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसवर जाऊन तो संगणक निवडायचा आणि लॉग आउट करायचं. गुगल खात्यात सिक्युरिटीमध्ये आपली उपकरणं दिसतात, तिथून अनोळखी मशीन काढून टाकायचं आणि पासवर्ड बदलायचा. पण खाली उतरवलेल्या फाइली तिथेच राहतात. त्यासाठी दुकानात फोन करून सांगावं. आम्हाला पुसायला एक मिनिट लागतं, सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

सोमवारी सकाळी याहून अवघड प्रकरण पुढे आलं. एका नगाचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला मूळ प्रोग्राम) अपडेट झालं आणि पडदा निळा होऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागायला लागला. झालं होतं ते असं. आमच्या डिस्प्लेच्या नगांवर खातं ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, आणि बिनपासवर्डचं होतं, सोयीसाठी. कुणीतरी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने त्यात साइन इन केलं होतं. नव्या विंडोजमध्ये असं केलं की बऱ्याच नगांवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप, आपोआप चालू होतं आणि त्याची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. म्हणजे लॅपटॉप आमचा आणि किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात. त्याला शोधणार कुठे? डिस्क साफ करून विंडोज नव्याने टाकलं, अपडेट्ससकट दीड तास गेला.

त्या आठवड्यात सगळे १४ नग, कुणाला आतले बदल करता येऊ नयेत असे, एकेक करून बांधून काढले. दोन ॲपलची पद्धत वेगळी आहे, विंडोजच्या बाराचं सांगतो. गिऱ्हाइकाच्या हातात कमी अधिकारांचं स्टँडर्ड खातं द्यायचं, ॲडमिनचं पासवर्ड लावून मागे ठेवायचं. याने बरंच थांबतं, सगळं नाही, कारण काही प्रोग्राम ॲडमिनला न विचारता वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये बसतात. बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रामचा, पासवर्ड आपणच आधी लावायचा. नाहीतर एखादं पोर गंमत म्हणून लावून जातं आणि मग नग सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो. तो पासवर्ड वहीत लिहून गल्ल्यात ठेवायचा, एकाच माणसाच्या डोक्यात नको. क्रोम गेस्टमध्येच, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या खिडकीतच, उघडेल अशी पॉलिसी (सक्तीचा नियम) लावायची. आपल्याकडच्या बहुतेक नगांवर विंडोज होम असतं, त्यात ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळत नाही, म्हणून ती नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, करावी लागते.

गेस्टबद्दल एक गैरसमज मलाही होता. सगळ्या खिडक्या बंद केल्या की हिस्टरी आणि लॉगिन जातं हे खरं, पण उतरवलेली फाइल डिस्कवर तशीच राहते. म्हणून स्टोरेज सेन्समध्ये (विंडोजची आपोआप साफसफाईची सोय) डाउनलोड्ससाठी १ दिवसाची मुदत लावली, आणि तरीही रात्री पुसताना हाताने बघायचं ठरवलं: डाउनलोड्स, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, रिसायकल बिन. सगळे नग उलटसुलट बघून मग घरी.

बघता बघता तिसऱ्या नगाचा टचपॅड हाताला लागला. एका कडेने नखभर वर आलेला, दाबला तर क्लिक होत नव्हता. उलटा करून टेबलावर ठेवला तर डुगडुगला. बॅटरी फुगली होती. दुकान सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ, रोज ११ तास, महिन्याला ३३० तास नग चार्जरवर, सतत शंभर टक्के भरलेला, वर दिव्यांची उष्णता. लिथियमच्या बॅटरीला नेमकं हेच सोसत नाही. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जर काढून नग बंद करून सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. उरलेल्यांवर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं, काहींत ६० ची सोय आहे, तिथे ६० वर. डिस्प्लेचा नग सवलतीत घेणाऱ्यांनी म्हणूनच दोन गोष्टी मागाव्यात. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी बघाव्यात, आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजली जातेय ते पडद्यावर बघावं, तोंडी नको.

फॉर्म भरणाऱ्यांना हाकलायचं नाही, हे मालकांशी बोलून ठरलं. गोदामात एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्याला एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली, प्रिंटरच्या शेजारी कोपऱ्यात लावला, पुढे खुर्ची ठेवली. वर मराठीत पाटी: "फॉर्म, मेल, प्रिंट इथे. अर्धा तास. उठताना आम्हाला हाक मारा, फाइली तुमच्यासमोर पुसतो." लॅपटॉपवर कुणी फॉर्म उघडला की आता "बंद करा" म्हणावं लागत नाही, "अरे, तिकडे खुर्ची आहे, बसून भर" म्हणतो. मुलं लगेच उठतात. बसायला मिळतंय म्हटल्यावर कोण उभं राहील?

हायलाइट्सवाल्यांसाठी मात्र उपाय सापडलेला नाही. पाच मिनिटं हात लावला नाही तर आमची जाहिरात सुरू होते, पण ते हात काढतच नाहीत. तिथे माणूसच उभा करावा लागतो. शनिवार-रविवारी ५ ते ८ एक जण फक्त त्या पाच नगांपाशी असतो, आणि वही घेऊन कुणी आलं की त्याला नग मोकळा करून देणं एवढंच त्याचं काम.